बेताच्या भांडवलात आरेखनाचा संगणक : बेळगाव-निपाणी भागापुरता एक आढावा

तुळशीचे लग्न उरकून लग्नसराईची चाहूल लागली, किंवा वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी मंडळांची धावपळ सुरू झाली, की बेळगावच्या गल्ल्यांपासून निपाणीच्या पेठेपर्यंत ज्या ज्या गाळ्यांतून पत्रिका, फलक, अल्बम आणि लेबले यांची कामे चालतात, तेथे एक प्रश्न हमखास निघतो : जुना संगणक आता कामाला पुरा पडत नाही, नवा घ्यावयाचा तर कोणता घ्यावा, आणि हाताशी असलेल्या रकमेत तो बसवावा कसा? प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःच मालक, स्वतःच कारागीर आणि स्वतःच वसुली करणारा असतो. त्याच्या दृष्टीने ही खरेदी पुढील चार-पाच वर्षांच्या रोजीरोटीची तजवीज असते, आणि म्हणून तिचा विचार जाहिरातीच्या किंवा ऐकीव शिफारशीच्या भरवशावर सोडून देणे मला गैर वाटते.

बहुतेक दुकानांतून या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराचा साचा ठरलेला आहे. 'डिझाइनचे काम' एवढे शब्द कानी पडताच विक्रेता खेळांसाठी बनविलेला, रंगीत दिव्यांचा, मोठ्या ग्राफिक कार्डाचा संच पुढे करतो. आणि गिऱ्हाइकाची ऐपत तेवढी नसल्याचे ध्यानी आले की त्या कार्डाची किंमत भरून काढण्यासाठी मॉनिटर हलका, रॅम निम्मी आणि यूपीएस मुळीच नाही, अशी तडजोड सुचवितो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. या भागात जी कामे प्रत्यक्ष होतात ती पाहता, बेताच्या भांडवलातील पहिला वाटा रॅम, एसएसडी, मॉनिटर आणि विजेची बेगमी यांचा असावा, आणि ग्राफिक कार्डाची बाब शिल्लक राहिलेल्या रकमेतून, तीही काम मागत असेल तरच, विचारात घ्यावी. हे मत का बनले ते सांगावयाचे तर प्रथम कामाकडे पाहिले पाहिजे.

या धंद्याला येथे जुनी बैठक आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात 'तरुण भारत' हे वृत्तपत्र सुरू केले, तेव्हापासून मराठी अक्षरे जुळविणाऱ्या आणि प्रुफे तपासणाऱ्या माणसांच्या कितीतरी पिढ्या या शहरात घडल्या; आणि अक्षराइतकाच चित्राचाही वारसा येथे आहे, कारण के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रगुरू याच शहरात वावरले, आणि १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे बोधचित्रांच्या क्षेत्रात अग्रणी ठरले. खिळ्यांच्या जुळणीची जागा संगणकाने घेतली ती १९८५ चे पेजमेकर, १९८९ चे कोरलड्रॉ आणि १९९० चे फोटोशॉप या तीन साधनांच्या बळावर. आणि पेजमेकरची २००१ साली निघालेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली असली, तरी जुन्या छापखान्यांतून तिचा अंमल अद्याप पुरता सरलेला नाही. या एका वस्तुस्थितीचा संगणकाच्या निवडीशी फार निकटचा संबंध आहे, तो पुढे येईल.

कामांत तफावत मोठी आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, व्हिजिटिंग कार्डे यांचे काम प्रायः कोरलड्रॉमध्ये, रेषा आणि अक्षरे यांवर चालते, आणि त्यासाठी सामान्य कार्यालयीन संगणकही पुरतो. निपाणीत विडीच्या बंडलांची लेबले होतात. तेथे १ एप्रिल २०१६ पासून दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा आरोग्यविषयक सचित्र इशाऱ्याने व्यापणे सक्तीचे झाल्यामुळे, उरलेल्या पंधरा टक्क्यांत कारखानदाराचे नाव, छाप आणि पिढीजात चित्र बसवावे लागते. ते काम बारकाईचे आहे, यंत्रावर भार टाकणारे नाही. भार पडतो तो छायाचित्रांचा, आणि तो किती पडतो हे अंदाजाने बोलण्यापेक्षा हिशेबाने पाहावे.

लग्नाच्या करिझ्मा अल्बममधील १२ बाय ३६ इंचांचे एक जोडपान ३०० डीपीआयने मांडले तर त्याची रुंदी १०,८०० आणि उंची ३,६०० बिंदूंची होते. म्हणजे एका पानात ३ कोटी ८८ लाखांहून अधिक बिंदू झाले. प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचा एकेक बाइट धरला तर एका सपाट थराला सुमारे ११७ एमबी लागतात. पार्श्वभूमी, वधूवरांची छायाचित्रे, त्यांवरील मुखवटे, झळाळी, नक्षी, असे दहा पूर्ण थर झाले की तो आकडा एक जीबीच्या पुढे जातो, आणि केलेली कृती मागे घेता यावी म्हणून फोटोशॉप जी पूर्वस्थिती जपून ठेवते तिचा बोजा निराळाच. फ्लेक्सचा हिशेब आणखी बोधप्रद आहे. १० बाय ८ फुटांचा फलक ७२ डीपीआयने केला तर सुमारे ६ कोटी बिंदू आणि चार रंगांच्या छपाईसाठी सुमारे २३९ एमबी लागतात. पण 'फोटो फाटायला नको' म्हणून कोणी तोच फलक ३०० डीपीआयने उघडला तर एकेक थर चार जीबीहून मोठा होतो, आणि त्याची रुंदी ३६,००० बिंदूंवर जाते; फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल तर ३०,००० बिंदूंपलीकडे जाऊच शकत नाही. दहा-पंधरा फुटांवरून पाहावयाच्या फलकाला त्या बारकाव्याचे काही प्रयोजन नसते. संगणक अडखळतो म्हणून नवा घेण्याच्या विचारात असलेल्या कित्येकांचा निम्मा त्रास मोजमाप नीट बांधल्यानेच सरेल, असे मी निःशंकपणे म्हणेन.

या हिशेबावरून रॅमचे परिमाण आपोआप ठरते. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप यांचे भागून फोटोशॉपच्या वाट्याला जे उरते त्यात अल्बमचे एक पानही मोकळेपणाने हलत नाही. म्हणून १६ जीबी ही या कामाची किमान पायरी समजावी, आणि जो प्रामुख्याने अल्बमच करतो त्याने ३२ चा विचार करावा. १६ जीबी घेताना एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण जोडीने बसलेल्या पट्ट्यांतून मजकुराची ने-आण अधिक वेगाने होते, आणि ज्या संचात वेगळे ग्राफिक कार्ड नाही तेथे तर हा फरक डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे येथे काटकसर करण्याचा मोह होणार हे उघड आहे. तरीही मदरबोर्डावर रिकाम्या जागा राखून पुढे भर घालण्याची सोय ठेवावी, पण १६ च्या खाली उतरू नये. एसएसडीविषयी मतभेदाला जागाच नाही. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते तेथे साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास जाते आणि एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कितीतरी पट. रॅम अपुरी पडल्यावर फोटोशॉप जो मजकूर बाहेर काढून ठेवते तोही याच एसएसडीवर जातो. विंडोज आणि चालू कामे एसएसडीवर, मागील हंगामांच्या फाइली मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांची एक प्रत दुकानाबाहेर घरी, ही विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रोसेसरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांची बरीचशी कामे थोड्याच पण वेगवान गाभ्यांवर चालतात. सहा गाभ्यांचा इंटेल आय ५-१२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी या जोडीतील कोणताही येथल्या नव्वद टक्के कामाला पुरतो. फक्त इंटेलच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर त्या प्रोसेसरात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते, आणि मग ग्राफिक कार्ड घेणे भागच पडते. स्वस्त म्हणून पुढे केलेल्या संचात हे अक्षर अनेकदा दडलेले असते.

ग्राफिक कार्ड कोणाला लागते, याचे उत्तर स्पष्ट आहे. जो लग्नाचे व्हिडिओ जोडतो, जो ब्लेंडरमध्ये चित्ररथाचा किंवा घराच्या आराखड्याचा त्रिमिती देखावा उभा करतो, त्याचे तासन्‌तासांचे काम कार्डामुळे मिनिटांवर येते, आणि त्याने ते जरूर घ्यावे. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांसाठी सुट्या भागांचे त्रिमिती आरेखन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सॉलिडवर्क्ससारख्या साधनाला खेळांच्या कार्डापेक्षा प्रमाणित व्यावसायिक कार्ड मानवते, आणि घेण्यापूर्वी त्याची अधिकृत यादी पाहणे अगत्याचे आहे. बाकीच्यांना, म्हणजे पत्रिका, फलक आणि साधे अल्बम करणाऱ्यांना, प्रोसेसरातील अंगभूत सोयीवर वर्ष-दोन वर्षे काढून नंतर पैसे जमल्यावर कार्ड बसविता येते, अट इतकीच की पॉवर सप्लाय त्या बेताचा निवडलेला असावा.

आता ज्या बाबीचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांत सहसा आढळत नाही, पण सीमाभागात जी निर्णायक ठरते, तिच्याकडे वळतो. येथील आरेखकाला एकाच दिवशी, पुष्कळदा एकाच फलकावर, मराठी आणि कन्नड या दोन लिपी सांभाळाव्या लागतात. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने व्यापारी नामफलकांवर ६० टक्के कन्नड अनिवार्य झाले. त्या धोरणाविषयी सीमाभागातील मराठी माणसाच्या भावना तीव्र आहेत आणि त्यांना इतिहासाचे अधिष्ठान आहे, तथापि फलक रंगविणाऱ्या कारागिराला दोन्ही अक्षरे शुद्ध आणि देखणी काढणे चुकत नाही, आणि मराठी अक्षराला उरलेली जागा थोडी असल्यामुळे तर ते अधिकच देखणे निघाले पाहिजे.

अडचण उद्भवते ती जुन्या आणि नव्या अक्षरव्यवस्थांच्या संधीवर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि कन्नडमधील नुडी यांच्या जुन्या टंकांवर या भागातील छापखान्यांनी वर्षानुवर्षे काम साठविले आहे, आणि हे टंक युनिकोडपूर्व पद्धतीचे असल्यामुळे तो मजकूर त्या टंकांशिवाय नुसत्या चिन्हांचा ढीग दिसतो. उलट गिऱ्हाईक आज पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये पाठविते. तो पेजमेकरमध्ये चिकटविला तर प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटतात. आणि जोडाक्षरांची जाण नसलेल्या जुन्या आवृत्तीच्या चित्रसाधनात टाकला तर 'श्री गणेश प्रसन्न' मधील 'श्री' चे पाय मोडून सुटा 'श्' आणि 'री' उभे राहतात, 'चि. सौ. कां.' मधील वेलांटी 'च'च्या अगोदर येण्याऐवजी त्याच्या मागे जाऊन बसते, आणि कन्नडमधील ओत्तक्षरे मूळ अक्षराखाली जाण्याऐवजी शेजारी रांगेत येतात. हजार प्रती छापून झाल्यावर वधूपित्याच्या नजरेस हे पडले तर कागद, शाई आणि नाव तिन्ही बुडतात. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि कित्येक युनिकोड टंकांत हिंदी वळण हेच मूळ धरलेले असते. जाणते गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवते आणि ते योग्यच आहे. मराठी रूपे देणारा टंक शोधणे किंवा आरेखन-साधनात भाषा मराठी निवडून ती रूपे आणणे, एवढे कष्ट प्रत्येकाने घ्यावेत.

याचा संगणकाच्या निवडीशी संबंध असा की नवा संच घेताना जुना मोडीत काढण्याची घाई करू नये. श्रीलिपीसारख्या जुन्या साधनांचे परवाने पुष्कळदा संगणकाच्या मागे लावावयाच्या कुलपावर, म्हणजे डोंगलवर, चालतात, आणि नव्या विंडोजवर ते कुलूप ओळखले जाईलच याची खात्री नसते. माझ्या माहितीतील एका छापखान्यात जुना संगणक इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवला आहे. त्यावर फक्त जुन्या फाइली उघडतात, तेथून पीडीएफ काढून नव्या यंत्रावर नेली जाते, आणि नवे काम आरंभापासून युनिकोडमध्ये होते. ज्याच्याकडे जागा नाही तो नव्या संगणकाच्या पोटात आभासी संगणक मांडून त्यात जुने विंडोज चालवू शकतो. मात्र त्यासाठी काही जीबी रॅम बाजूला काढावी लागते, आणि १६ जीबीचा आग्रह येथे पुन्हा सार्थ ठरतो.

साधनांच्या खर्चाचा विचारही याच ओघात येतो. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपसारख्या साधनांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर ठेवल्या, आणि लहान गाळ्याच्या ताळेबंदात ती वर्गणी दरवर्षी यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करते. चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या जातात हे उघड गुपित आहे. त्यांतून येणाऱ्या विषाणूंनी वर्षांचे काम बंदिस्त करून खंडणी मागितल्याची उदाहरणे जगभर घडली आहेत, आणि ज्याचे सर्व भांडवल फाइलींत आहे त्याने हा धोका पत्करू नये. इंकस्केप, क्रिता, गिंप ही मुक्त साधने मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोड नीट हाताळतात. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अॅफिनिटीही विनामूल्य झाली, मात्र तिच्यात भारतीय लिपींची जोडाक्षरे आपल्या मजकुरावर स्वतः तपासूनच पाऊल टाकावे. संगणक घेताना साधनाचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरला नाही तर तो अंदाज अपुरा राहतो.

मॉनिटरकडे येतो. बेळगावच्या किर्लोस्कर रस्त्यावरून जाताना आठवावी अशी एक हकीकत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले, तेथे आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही असे त्यांच्या ध्यानी आले, आणि ते रंग सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे याच बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली. त्यांना आपल्या डोळ्यांची मर्यादा ठाऊक होती म्हणून त्यांनी वाट बदलली. हलक्या मॉनिटरसमोर बसणाऱ्या आरेखकाला मात्र आपण चुकीचा रंग पाहत आहोत हे कळतच नाही. टीएन प्रकारचा पडदा मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलतो. लग्नाच्या शालूचा गर्द कुंकवाचा रंग त्यावर एका वेळी विटकरी आणि दुसऱ्या वेळी गुलाबी दिसतो. म्हणून आयपीएस प्रकारचा, एसआरजीबी व्याप्ती जवळजवळ पूर्ण असलेला २४ इंची पडदा घ्यावा, आणि एवढ्या आकाराला १९२० बाय १०८० चे बिंदू पुरेसे असतात. पडद्यावरील झगमगीत निळा आणि हिरवा चार शाईंच्या छपाईत उतरत नाही हे तत्त्व कोणताही पडदा बदलू शकत नाही. त्यासाठी ज्या छापखान्यात काम जाते तेथील एक छापील नमुना पडद्याशेजारी टांगून, पांढऱ्या प्रकाशात ताडून पाहण्याची शिस्त लावावी लागते. पडदा हा संचातील सर्वांत दीर्घायुषी जिन्नस आहे. प्रोसेसर दोनदा बदलला तरी तो टिकतो, म्हणून त्यावर खर्चलेला रुपया सर्वांत अधिक वर्षे फळ देतो.

विजेचा प्रश्न येथे प्रत्येक पावसाळ्यात उभा राहतो. बेळगाव आणि निपाणी यांना हेस्कॉमची वीज मिळते, आणि जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यापावसात ती एका क्षणात जाऊन पुन्हा येण्याचे प्रसंग नित्याचे आहेत. फाइल जतन होत असताना वीज गेली तर ती फाइल तर बिघडतेच, पण कधी डिस्कही जाते. यूपीएस घेताना लक्षात ठेवावे की त्यावर छापलेला ६०० व्हीए हा आकडा वॅटचा नव्हे; साधारण ३६० वॅट एवढाच भार तो पेलतो. चांगल्या प्रतीचे काही पॉवर सप्लाय हलक्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर एकदम बंद पडतात, तेव्हा दोन्ही वस्तू दुकानातच एकत्र लावून, मेन स्विच बंद करून पाहाव्यात. अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घेण्याचा खर्च अगदी क्षुल्लक आहे, आणि जुन्या वाड्यांतील गाळ्यांत ते बहुधा नसते. निपाणीत आणखी एक शत्रू आहे. तंबाखूच्या वखारींलगतच्या गाळ्यांत हवेबरोबर येणारी बारीक तपकिरी धूळ प्रोसेसरच्या पंख्याखालील पात्यांत जाऊन बसते, दमट हवेत तिचा थर घट्ट होतो, आणि मग यंत्र तापून आपला वेग स्वतःच कमी करते. मालक समजतो की संगणक जुना झाला. जाळी लावता येणारा कॅबिनेट आणि हंगामाच्या आधी ब्लोअरने केलेली सफाई, एवढ्याने ते यंत्र पुन्हा पूर्ववत चालू लागते.

राहता राहिला वापरलेल्या, म्हणजे रिफर्बिश्ड यंत्रांचा विषय, आणि बेताच्या भांडवलाला तोच सर्वांत मोठा आधार आहे. बंगळूरच्या कंपन्यांतून मुदत संपून निघालेली डेल ऑप्टिप्लेक्स आणि एचपी एलिटडेस्क यंत्रे एस. पी. रोडच्या बाजारातून उत्तरेकडे येतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दक्षिणेकडे येतात, आणि बेळगाव या दोन प्रवाहांच्या मध्यावर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला तेव्हापासून अशा यंत्रांचा पुरवठा वाढला. पण त्यातच मेख आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी किंवा पुढील पिढी लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे फार स्वस्त मिळाली तरी नव्या कामासाठी ती घेऊ नयेत. जुन्या पेजमेकरच्या कोपऱ्यासाठी मात्र ती उत्तम. यंत्र पाहताना मागे चिकटविलेल्या कागदावर विसंबू नये : बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड आहे का, क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे छोटे साधन एसएसडी किती तास चालल्याचे सांगते, मदरबोर्डावरील कपॅसिटरांची टोके फुगली आहेत का, आणि रॅमची दुसरी खाच चालते का, हे उभ्या उभ्या पाहता येते. लहान कॅबिनेटच्या यंत्रात पॉवर सप्लाय कंपनीच्या खास आकाराचा आणि कमी ताकदीचा असतो, त्यात नेहमीचे ग्राफिक कार्ड बसत नाही. पुढे कार्ड घालण्याची इच्छा असेल तर त्याच मालिकेतील उभा टॉवर घ्यावा. आठव्या ते दहाव्या पिढीचा असा टॉवर, त्यात १६ जीबी रॅम, नवी एसएसडी, नवा आयपीएस पडदा आणि नवा यूपीएस, ही जुळणी मी आजच्या घडीला या भागातील नवोदित आरेखकाला सर्वांत मनापासून सुचवीन.

खरेदी कोठे करावी, यावर निपाणीकरांचे मन नेहमी दुभंगलेले असते, कारण कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट अंतरावर. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून राज्याच्या हद्दीची पूर्वीची कटकट पुष्कळ कमी झाली. कोल्हापुरातून घेताना, ज्याची नोंदणी आहे त्याने आपला जीएसटी क्रमांक घालून, माल आपल्या निपाणीच्या पत्त्यावर पोचवावयाचा आहे असे बिलावर लिहून आयजीएसटीचे पक्के बिल घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. बिलाविना मिळणारी सूट करापेक्षा मोठी भासते, पण रॅम, एसएसडी आणि मॉनिटर यांची हमी कित्येक वर्षांची असते आणि ती प्रत्येक जिन्नसाच्या अनुक्रमांकावर चालते. म्हणून बिलावर संचाची एकच रक्कम न लिहिता प्रत्येक भाग, त्याचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी, आणि त्या बिलाचे छायाचित्र त्याच दिवशी फोनमध्ये जपून ठेवावे, कारण थर्मल कागदावरची अक्षरे काही काळाने उडून जातात.